दुसऱ्याच्या रानातला ऑक्टोबर

आमच्या गावात ऑक्टोबर रस्त्यावरून येतो. बटाट्यांनी भरलेले ट्रेलर ओढत ट्रॅक्टर शेतातून बाहेर पडतात, चाकांना चिकटलेला काळा चिखल डांबरावर सांडत जातात, आणि मग शेतकरी वळणावर एक पाटी उभी करतो: सावकाश, रस्त्यावर चिखल आहे. पाटी मोटारवाल्यांसाठी असते. सायकलवाल्यांनी आपापलं बघून घ्यायचं. मी इतक्या वर्षांत दोनदा आपटले आहे, आणि दोन्ही वेळा उठल्यावर आधी हाताला लागलेल्या मातीचा वास घेतला आहे. नवरा म्हणतो, हे लक्षण काही बरं नाही.

हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या दक्षिणेला, सरळ आखलेल्या कालव्याच्या काठावर आमचं गाव आहे. एकीकडे घरांची रांग, दुसरीकडे पाणी, आणि मागे नजर पोचेल तिथपर्यंत सपाट काळं रान. नवऱ्याची, मिलिंदची, नोकरी शहरात, कॉम्प्युटरची. घर इथे घेतलं कारण इथे परवडलं. मी शेतकीची पदवीधर. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत माती पाठवतात, मी हातमोजे घालून ती चाळते, वाळवते, तिच्यात काय आहे आणि काय नाही ते कागदावर लिहून देते. मातीशी माझा एवढाच संबंध, हातमोज्यातला. तो तसाच राहावा म्हणून कुणीतरी पुष्कळ राबलं होतं.

शेतावर यंत्रं फिरायला लागली की ओल्या मातीचा आणि तुटलेल्या बटाट्यांचा एक थंड वास गावभर पसरतो. त्या वासाबरोबर दरवर्षी एकच ऑक्टोबर माझ्याकडे परत येतो, दोन हजार पाचचा. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती. माझी मुलगी सई तेव्हा सहा वर्षांची होती. आणि दर रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीवर ती शेतातल्या पोरींची मालिका लागायची.

मालिका जुनीच होती, इंग्रजी, खाली डच अक्षरं. दुसरं महायुद्ध चालू आहे, गडीमाणसं सैन्यात गेली आहेत, आणि शहरातल्या पोरींना शेतावर कामाला धाडलं आहे, अशी गोष्ट. कुणी टायपिस्ट, कुणी केस कापणारी, कुणी बड्या घरातली. त्यांना खाकी विजारी, हिरवे स्वेटर आणि टोप्या मिळाल्या होत्या. दर भागात एकीला पत्र यायचं, एकीचं प्रेम जमायचं, आणि सगळ्याजणी मिळून काहीतरी उपटायच्या नाहीतर पेरायच्या. ओठांची लाली मात्र कुणाचीच पुसली जायची नाही.

आम्ही ती शेजारच्या आफ्केबाईंकडे बसून बघायचो. आफ्के तेव्हा पंचाहत्तरीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर आर्नहेमला. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि सईच्या त्या अर्ध्या आजीच होत्या. त्या मूळच्या ॲमस्टरडॅमच्या. युद्धातल्या शेवटच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात घरच्यांनी त्यांना बोटीत बसवून इकडे उत्तरेला पाठवलं, कारण इकडे खायला होतं. चौदा वर्षांची पोर एका शेतकऱ्याकडे राहिली, पोटाला भाकरी आणि वर काम. युद्ध संपल्यावर परत गेली, करमेना, पुन्हा आली, आणि इथल्याच एका शेतमजुराशी लग्न करून राहिली. त्यांच्या दारातून आत गेलं की भिंतीवर पहिला फोटो त्याच दिवसांतला: सहा मुली ओळीने, प्रत्येकीच्या हातात कुदळ, चेहऱ्यावर उन्हाने मिटलेले डोळे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी मीटर वाचायला आलेल्या माणसालाही, त्या हा फोटो दाखवत. "मी डावीकडून दुसरी," असं सांगताना त्यांचा आवाज उंच व्हायचा.

आई पहिल्या रविवारी नुसती सोबत म्हणून आली. डच येत नाही, इंग्रजी येत नाही, पण दहाव्या मिनिटाला पुढे सरकून बसली. पडद्यावर एक गोरटेली पोरगी बटाटे वेचत होती. एक बटाटा उचलायची, बघायची, पुसायची, टोपलीत ठेवायची.

"अगं बया, ही काय सोनं निवडतीय का?" आई म्हणाली.

आफ्के त्याच वेळी डचमध्ये काहीतरी फणकाऱ्याने बोलल्या. सई दोघींच्या मध्ये गालिच्यावर बसलेली. तिने मान न वळवता आधी आजीचं बोलणं डचमध्ये सांगितलं, मग आफ्केंचं आजीला. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून डचच यायचं. मराठीत ती अगदी हातापायांनी, तुटक बोलायची. आफ्केंचं म्हणणं होतं, या वेगाने ही पोरगी नाताळपर्यंत एक ओळ पुरी करणार नाही. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की पुढचा प्रेमाचा प्रसंग कुणीच पाहिला नाही.

मग ते रविवारचं ठरूनच गेलं. आई नाश्त्यापासून विचारायची, "आज पोरींचं हाय ना?" मालिका लागली की दोघींची समीक्षा सुरू. फावडं असं धरल्यावर कंबर धरणारच. टोपली रिकामी आहे, उचलताना हात बघ कसा हलका जातोय. चिखलात उभी आहे आणि विजारीला एक शिंतोडा नाही. एकदा वाद झाला तो वाकण्यावरून. आफ्केंचं म्हणणं, बटाटे वेचायचे तर गुडघ्यांवर रांगत. त्यांनी आतून पोत्याचे दोन तुकडे आणून गुडघ्यांना बांधून दाखवले आणि स्वतःच्याच गालिच्यावर, कॉफीच्या टेबलापासून टीव्हीपर्यंत, रांगत गेल्या. आईने पदर खोचला आणि पाय ताठ ठेवून कमरेतून वाकली, डोकं गुडघ्यांपर्यंत, दोन्ही हात मोकळे. "असं दिवसभर. रांगायला आपण काय तान्ही पोरं हाय?" सईने हे कसं भाषांतरित केलं कोण जाणे, पण आफ्के गुडघ्यांवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवू लागल्या. मी दारात कप घेऊन उभी होते. मला हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती.

भीतीचं कारण सांगायला हवं. मी एक खोटं बोलून ठेवलं होतं.

मी पाचवीत असताना माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दुसऱ्याच्या घराचं कौल शाकारताना पडले आणि त्यांची पाठ कायमची गेली. मला पुण्याला मामाकडे शिकायला ठेवलं, आणि आई नारायणगावजवळच्या एका द्राक्षबागेत रोजाने जायला लागली. छाटणी, विरळणी, तण काढणं, जे असेल ते. चार वर्षांनी शिलाईचं मशीन आलं आणि ती घरी बसून ब्लाउज शिवायला लागली, इतकं मला माहीत होतं. या सगळ्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं. इथे आल्यावर ग्रोनिंगनच्या पहिल्याच दिवाळीत कुणीतरी विचारलं, "तुमचं गावी काय असतं?" आणि मी म्हणाले, "द्राक्षाची बाग आहे." शब्द अगदी सहज आले. मागच्या पिढीचं काहीतरी ठोस सगळेच सांगत होते, कुणाचा बंगला, कुणाच्या वडिलांचा दवाखाना. मग पुढच्या वर्षी बागेत विहीर आली. त्याच्या पुढच्या वर्षी मी कामाला येणाऱ्या बायकांबद्दलही बोलले. मिलिंदला खरं ठाऊक होतं. तो घरी आल्यावर विचारायचा, "काय मालकीणबाई, यंदा पाणी कसं आहे विहिरीला? खोट्याच्या कपाळी गोटा, एवढं लक्षात असू दे." मी उशी फेकून मारायचे. पण बोललेलं मागे घेता येत नव्हतं.

आफ्केंनाही मी तेच सांगून ठेवलं होतं. डच नुकतं शिकत होते, "माझ्या आईची शेती आहे" हे वाक्य सोपं होतं. या प्रांतात त्या वाक्याला किती वजन आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं. इथे शेतकरी आणि शेतमजूर या दोन वेगळ्या जाती असल्यासारख्याच होत्या. मोठमोठ्या घरांचे शेतकरी, आणि कालव्याकाठच्या बारक्या घरांतले मजूर. मजुराची बायको मालकाच्या घरात पुढच्या दाराने कधी गेली नाही. आफ्के हे नंतर मला सांगणार होत्या.

ऑक्टोबरच्या मध्यावरचा रविवार होता. पडद्यावर शेताची मालकीण पोरींवर ओरडत होती. आफ्केंनी कपात साखर ढवळत सईला म्हटलं, "आजीला विचार, तुमच्या बागेत कामाला किती बायका होत्या?"

सईने विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, आणि मला पुढे होऊन काहीतरी बोलता आलं असतं. बोलले नाही. आईने आधी सईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात तिला सगळं समजलं असावं. लेकीने परमुलखात काय सांगून ठेवलंय, हे ओळखायला आईला भाषांतर लागत नाही.

"पाच-सहाजणी असायच्या," ती म्हणाली. "चांगल्या होत्या बिचाऱ्या."

आणि खुर्चीत मागे टेकून बसली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. त्या दिवशी पुढे ती काहीच बोलली नाही. पोरींनी नांगर उलटा धरला असता तरी बोलली नसती.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आई, तू असं का सांगितलंस?"

ती मेथी निवडत होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली, आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. आफ्के दोनदा कुंपणावरून विचारून गेल्या. मी सांगितलं, हवा मानवत नाही. आई खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसायची आणि मागच्या रानाकडे बघायची. मी तिच्यासाठी आणलेली मऊ खुर्ची, तिच्यासाठी आणलेली लोकरीची शाल, आणि त्यात गुंडाळलेली ती, द्राक्षबागेची मालकीण. माझं खोटं तिला घालायला दिलेल्या परक्या कपड्यासारखं होतं, आणि ती ते अवघडून नीट सांभाळत होती. मी त्या दिवसांत कामावर मातीच्या पिशव्या चुकीच्या खोक्यांत घालत होते. मला वाईट वाटत होतं असं म्हणणं कमी आहे. मला स्वतःची चीड येत होती, आणि तरी मी दर दिवशी एक दिवस ढकलत होते.

शरद ऋतूची शाळेची सुट्टी लागली. मी अर्ध्या दिवसाने घरी आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. मागचं दार उघडं, माझे गमबूट गायब. बाहेर येऊन पाहिलं, तर आमच्या मागच्याच रानात, जिथून यंत्र आदल्या दिवशी बटाटे काढून गेलं होतं, तिथे आई वाकलेली होती. सहावारी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंगात मिलिंदचं जुनं जाकीट, कमरेला सुपरमार्केटची कापडी पिशवी ओटीसारखी बांधलेली. सई तिच्या मागे मागे. यंत्राच्या दातांतून सुटलेले बटाटे काळ्या मातीवर सगळीकडे पडले होते, आणि आई दोन्ही हातांनी ते उचलत होती, न थांबता, न बघता, जणू बटाटेच तिच्या हाताकडे येत होते. सई धावत होती तरी मागे पडत होती.

आपल्याकडे याला सरवा म्हणतात. पीक निघून गेलं की रानात जे उरतं ते वेचणाऱ्याचं. भुईमुगाचा सरवा, कांद्याचा सरवा. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, आणि अडवणारा मालक गावात हलका ठरतो. आईने कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी मात्र कुंपणाशी उभी राहून, खाजगी जमीन, आईचा व्हिसा, पोलीस, असा सगळा विचार एका दमात करून बसले.

तेवढ्यात शेतकरी आलाच. तरुण माणूस, ट्रॅक्टर बांधाशी उभा करून चालत आला. मी चिखलातून धावत गेले, तोपर्यंत तो आईजवळ पोचला होता. आई ताठ उभी राहिली आणि त्याला हात जोडून, हसून मराठीत म्हणाली, "सरवा येचतीय बाबा. लय ऱ्हायलंय तुझं रानात."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्याने हाताने थांबवलं. "हवे तेवढे न्या," तो म्हणाला, "पण खाऊ नका. हे जेवणाचे बटाटे नाहीत. स्टार्चच्या कारखान्याचे आहेत."

मी हे आईला सांगितलं. आईचा चेहरा पडला. "आता काय सांगू," ती म्हणाली. "काल दोन आणून भाजी टाकली होती, त्याचा गोळा झाला. म्या म्हटलं तुमच्या इथल्या गॅसचाच दोष." शेतकऱ्याला हे सांगितल्यावर तो मोठ्याने हसला, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी खायच्या बटाट्यांचं एक पोतं ठेवून गेला.

पण त्या दिवशी रानातून परत येताना मी पाहिलं ते वेगळंच. आफ्के त्यांच्या मागच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्या आईकडे बघत होत्या, आणि आई पिशवी सोडून हात झटकत होती. आफ्केंनी हात वर केला. आईनेही केला. मी मान खाली घालून आत गेले.

सरव्याची एक बाजू मी वर सांगितली नाही. तो वेचायला कुणाला परवानगी लागत नाही हे खरं, पण वेचायला कोण जातं हे ठरलेलं असतं. ज्यांचं रान नाही, ते जातात. मालकीण कधी सरव्याला वाकत नाही. वाकली तर तिचं हसं होईल. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि कालव्याकाठी पन्नास वर्षं शेतमजुराची बायको म्हणून काढलेल्या बाईलाही माहीत असणार, हे माझ्या त्या रात्री, भांडी पुसताना लक्षात आलं.

आई दिवाळी करून जाणार होती. चकलीची भाजणी तिने येतानाच आणली होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता, आणि त्या दिवशी आई आपण होऊन म्हणाली, "चल, जाऊन येऊ. काय होतंय त्या पोरींचं, बघू तरी." बहुधा तिला वाटलं असेल, इतके दिवस बसलोच आहोत तर शेवटाला पाठ कशाला दाखवा. ती चकल्यांचा डबा घेऊन आली आणि नेहमीच्या खुर्चीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली.

युद्ध संपलं होतं. पोरी आपल्या विजारी आणि टोप्या घडी घालून परत करत होत्या. एक अधिकारी यादीवर खुणा करत होता. मग त्या आपापल्या जुन्या कपड्यांत बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बॅण्ड नाही, हार नाही. सैनिकांची मिरवणूक गावात दुसऱ्या रस्त्याने चालली होती आणि तिचा आवाज फक्त ऐकू येत होता.

"त्यांना काय दिलं?" आईने सईला विचारलं.

सईने खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग आफ्केंना विचारलं. आफ्के म्हणाल्या, "काही नाही. कामाला आलेल्यांना काही देत नाहीत. मी माझा फोटो स्वतःच भिंतीवर लावला, म्हणून तो आहे."

सईने ते आजीला सांगितलं. आईने नुसती मान हलवली. आणि मला एकदम ते सहन होईना. त्या घरात एका बाईचा फोटो दारातच होता, आणि तेच काम केलेली दुसरी बाई माझ्यामुळे खुर्चीत पाहुणी होऊन बसली होती.

मी बोलले ते डचमध्ये. आता विचार केला तर कळतं की तोही एक पळपुटेपणाच होता. परक्या भाषेत कबुली देणं सोपं जातं. शब्द घरचे नसतात, तेवढे लागत नाहीत. मी म्हणाले, "आफ्के, ती बाग आमची नव्हती. मी खोटं सांगितलं होतं. माझी आई तिथे मजुरीला जायची. चार वर्षं गेली. मी शाळेत शिकावं म्हणून."

आफ्केंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रानात बघितलं ना मी. मालकीण कधी दोन्ही हातांनी वेचत नाही." आणि पुढे, "तू हे तिच्या भाषेत सांगायला हवं होतंस."

आई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. माझा चेहरा तिला दिसत होता. तिने सईच्या खांद्याला हात लावला. "काय म्हणाली गं तुझी आई?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्या पोरीने, जी मला एरवी मराठीत पाणीसुद्धा मागायची नाही, आजीसाठी एकेक शब्द शोधत सांगितलं: "आई म्हणते... बाग आजीची नाही. आजी दुसऱ्या लोकांचं काम केली. चार वर्ष. म्हणून आई शाळा केली."

आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, कशाला सांगितलंस. मी एवढं झाकलं होतं, कशाला उघडलंस. मी त्याची तयारी करून बसले होते. मी हाताच्या अंतरावर होते, तरी ती माझ्याशी बोललीच नाही. सईला म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं, चार नाही. अकरा."

"अकरा काय?" मी विचारलं.

"अकरा वर्सं," आई म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. "मशीन आणलं ते तुला दिसायला. ब्लाउज शिवून कुणाचं कालिज होतंय का गं? तुझ्या डिग्रीच्या तिसऱ्या वर्साला सोडलं, कंबर धरली तवा. अण्णांनी शपथ घातली होती, पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून."

सईने ते आफ्केंना सांगितलं. आफ्के उठल्या, आईच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची ओढली आणि तिचा हात हातात घेऊन बसल्या. पडद्यावर नावं वर सरकत होती. मी मनातल्या मनात वर्षं मांडत होते. नववी. दहावी. अकरावी, बारावी. शेतकी कॉलेजचं पहिलं वर्ष, जेव्हा मी प्रयोगशाळेत मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण करून छाटणीनंतर द्राक्षाच्या खोडांना कसं लावतात ते शिकले, आणि त्याने हात निळे पडतात, महिना महिना जात नाहीत, म्हणून आम्हाला हातमोजे दिले होते. त्या सगळ्या वर्षांत, दर ऑक्टोबरात छाटणी झाली की आई मला भेटायला मामाकडे यायची, आणि तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी असायची, गडद, जाड थराची. मामी हसायची. मीही हसायचे. मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईला या वयात भारी हौस आहे.